‘एक्स्प्र’ : एका अबोल हिशेबनिसाची हकीकत

मोठ्या पेढीची हकीकत लिहिली जाते तेव्हां तींत शेटजींचें नांव येतें, फार तर दिवाणजींचें येतें. परंतु दाराशेजारच्या गादीवर बसून दिवसभर बेरजा-वजाबाक्या करणाऱ्या हिशेबनिसाचें नांव तींत सहसा आढळत नाहीं. संगणकांच्या इतिहासांतही हाच प्रकार घडला आहे. युनिक्स नांवाची कार्यप्रणाली, तिचे कर्ते, तिच्यापासून पुढें निघालेल्या शाखा, यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्याच युनिक्सच्या पदरीं जवळ जवळ अर्धें शतक चाकरी करणाऱ्या ‘एक्स्प्र’ या लहानशा प्रोग्रामाकडे मात्र फारसें कोणी वळून पाहत नाहीं. ‘एक्स्प्रेशन’ म्हणजे राशि. त्या शब्दाचा पुढचा तुकडा तोडून हें नांव बनविलेलें आहे. बीजगणितांत मुलांना ‘पुढील राशीची किंमत काढा’ असें सांगतात. तेंच या प्रोग्रामाचें काम. विशेष इतकाच कीं, राशि आंकड्यांची असो वा अक्षरांची असो, तो दोहोंचीही किंमत काढतो. गोष्ट लहान दिसते. परंतु आंकडा म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, आणि चिन्ह व वस्तु यांतील भेद ओळखावयाचा कसा, हे जुने प्रश्न या लहान प्रोग्रामाच्या अंगणांत येऊन उभे राहिले आहेत. म्हणूनच त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

आरंभ १९६९ सालापासून केला पाहिजे. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील मरे हिल या गांवीं बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं पीडीपी-७ या लहान यंत्रावर एक नवी कार्यप्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. तीच पुढें युनिक्स या नांवानें प्रसिद्धीस आली. थोड्याच काळानें त्यांना पीडीपी-११ हें नवें यंत्र मिळालें. त्याच्या स्मरणाची एकूण जागा २४ किलोबाइट होती, आणि तींतील १६ किलोबाइट कार्यप्रणालीच व्यापीत असे. आज खिशांतल्या दूरध्वनींत याच्या लक्षावधि पट जागा असते. अशा सांकड्या घरांत संसार करावयाचा म्हणजे प्रत्येक भांडें लहान हवें आणि एक भांडें एकाच कामाचें हवें, ही शिस्त आपोआपच अंगीं बाणली.

त्या काळीं यंत्रापुढें बसणाऱ्या माणसासमोर चित्रें नसत कीं दाबावयाचीं चिमुकलीं बटणें नसत. टंकलेखनयंत्रासारख्या टेलिटाइपवर एक ओळ लिहावयाची, आणि यंत्रानें त्या ओळीखालीं आपलें उत्तर छापावयाचें. माणूस व यंत्र यांच्यामध्यें बसून ही ओळ वाचणारा जो दुभाषी, त्यास ‘शेल’ म्हणजे शिंपला किंवा कवच असें नांव पडलें. या दुभाष्याचें काम ठराविक होतें. ओळ वाचावी, जेथें मोकळी जागा दिसेल तेथें ती तोडून शब्द सुटे करावे, पहिला शब्द म्हणजे बोलवावयाच्या प्रोग्रामाचें नांव समजावें, आणि उरलेले शब्द जसेच्या तसे त्याच्या हातीं द्यावे. पत्रें वांटणाऱ्या टपालवाल्यास आंतील मजकूर कळण्याची गरज नसते. तसेंच शेलला त्या शब्दांचा अर्थ कळण्याचें कारण नव्हतें. त्याच्या दृष्टीनें ‘५’ हा आंकडा नव्हे. तो एका अक्षराचा एक शब्द होता.

प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांनीं या मंडळींना एक तत्त्व घालून दिलें होतें कीं, प्रत्येक प्रोग्रामानें एकच काम करावें, पण तें चोख करावें. मोठें काम निघालें तर असे लहान प्रोग्राम एकमेकांस जोडावे. त्यांच्याच आग्रहामुळें १९७३ सालीं एका प्रोग्रामाचें उत्तर दुसऱ्याच्या ओंजळींत सोडणारी ‘पाइप’ ही योजना अमलांत आली. या तत्त्वानुसार गणित हें शेलचें काम ठरत नव्हतें. गणितासाठीं निराळीं साधनें होतींच. रॉबर्ट मॉरिस व लॉरिंडा चेरी यांनीं रचलेला ‘डीसी’ नांवाचा प्रोग्राम वाटेल तितक्या लांबीच्या संख्यांचें गणित करीत असे. मात्र त्यास दोन संख्या अगोदर सांगून क्रियाचिन्ह शेवटीं सांगावें लागे. ही उलटी रीत ज्यांना अवघड वाटे त्यांच्याकरितां ‘बीसी’ हा दुसरा प्रोग्राम निघाला. त्यांत शाळेंतल्याप्रमाणें राशि लिहितां येत असे. परंतु हीं दोन्ही साधनें मुख्यतः गणितच करावयास बसलेल्या माणसासाठीं होतीं.

अडचण निराळ्या ठिकाणीं उत्पन्न झाली. लोक एकेक आज्ञा हातानें लिहिण्यावर थांबले नाहींत. पुन्हां पुन्हां लागणाऱ्या आज्ञा एका फाईलींत ओळीनें लिहून ठेवावयाच्या आणि सबंध फाईलच शेलला वाचावयास द्यावयाची, ही पद्धत रूढ झाली. अशा आज्ञापत्रास ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. आतां स्क्रिप्ट म्हटलें कीं, ‘अमुक काम दहा वेळां कर’ असें सांगण्याची वेळ येणारच. आणि दहा वेळां म्हटलें कीं कोणी तरी मोजलें पाहिजे. एकांत एक मिळविले म्हणजे दोन होतात, इतकें तरी कोणाला तरी आलें पाहिजे. शेलला तर तेवढेंही येत नव्हतें.

बेल प्रयोगशाळेंतच ‘प्रोग्रामर्स वर्कबेंच’ या नांवाची युनिक्सची एक शाखा मोठ्या प्रमाणावर प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींसाठीं तयार झाली होती; तिची पहिली आवृत्ति १९७७ सालीं बाहेर पडली. एक्स्प्रचें प्रथम दर्शन या शाखेंत होतें. पुढें १९७९ च्या जानेवारींत युनिक्सची सातवी आवृत्ति निघाली. तिच्यांत स्टीफन बोर्न यांनीं लिहिलेला नवा शेल होता, आणि त्याच्या शेजारीं एक्स्प्र होता. बोर्न यांच्या शेलला अटी घालतां येत होत्या, आवर्तनें करतां येत होतीं, चलांत किंमत सांठवितां येत होती. परंतु ती किंमत म्हणजे अक्षरांची एक माळ असे; तिची बेरीज करण्याची सोय त्यांत नव्हती. राज्यकारभार चालविण्यास समर्थ, पण पाढे न आलेला, असा तो राजपुत्र होता. बेरजेची वेळ आली कीं तो हिशेबनिसास हांक मारी. सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकांत एक्स्प्रच्या पानावर जें पहिलें उदाहरण दिलें होतें तें हेंच. आपल्या अक्षरांत तें असें लिहितां येईल :

क=`एक्स्प्र $क + १`

डॉलरचें चिन्ह लावलें म्हणजे क या चलांतील किंमत तेथें येऊन बसते. त्या दोन उलट्या अवतरणचिन्हांचा अर्थ असा कीं, आंतील आज्ञा आधीं चालवावी आणि तिनें छापलेलें उत्तर या जागीं आणून ठेवावें. क मध्यें ४ असेल तर एक्स्प्र ५ छापतो, आणि तो ५ पुन्हां क च्या स्वाधीन होतो. जगांतील असंख्य स्क्रिप्टांत एके काळीं हीच ओळ मोजणीचें काम करीत होती.

एक्स्प्रची वागणूक शिकणाऱ्यास आरंभीं चमत्कारिक वाटते. ‘एक्स्प्र ५ + ३’ असें लिहिलें तर उत्तर ८ येतें. परंतु मधल्या जागा गाळून ‘एक्स्प्र ५+३’ असें लिहिलें तर उत्तर येतें ‘५+३’. जें दिलें तेंच परत! यांत एक्स्प्रची चूक नाहीं. शेलनें मोकळ्या जागेवर शब्द तोडावयाचे असतात. जागाच नाहीं म्हणून ‘५+३’ हा एकच शब्द ठरला. एका शब्दाच्या राशीची किंमत तो शब्दच. एक्स्प्रनें ती प्रामाणिकपणें सांगितली. गुणाकाराची कथा याहून मौजेची आहे. गुणाकाराचें चिन्ह तारका (*) हें ठरलेलें. परंतु शेलच्या भाषेंत सुटी तारका म्हणजे ‘येथें असलेल्या सर्व फाईलींचीं नांवें’. त्यामुळें ‘एक्स्प्र ५ * ३’ असें बेसावधपणें लिहिलें तर शेल त्या तारकेच्या जागीं फाईलींच्या नांवांची रांग उभी करतो. बिचाऱ्या एक्स्प्रच्या हातीं पांच, मग दहावीस नांवें, मग तीन असा चमत्कारिक मजकूर पडतो आणि तो राशि अशुद्ध असल्याचें सांगून मोकळा होतो. म्हणून तारकेच्या आधीं उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा ती अवतरणांत झांकावी, म्हणजे शेल तिला हात लावीत नाहीं. कंसांची व ‘लहान’, ‘मोठा’ या चिन्हांचीही अशीच काळजी घ्यावी लागते.

गणित पूर्णांकांचेंच. ७ भागिले २ म्हटलें तर तो ३ सांगतो. बाकी हवी असल्यास टक्क्याचें चिन्ह वापरावें म्हणजे १ मिळतो. गुणाकार-भागाकार आधीं व बेरीज-वजाबाकी नंतर, हा पदावलीचा नियम तो कसोशीनें पाळतो. संख्येस मर्यादाही असे. ज्या यंत्रांवर ३२ अंशांची संख्या ठेवण्याची सोय होती तेथें २,१४,७४,८३,६४७ च्या पुढें हिशेब बिघडत असे. पुढें ग्नू संघटनेनें केलेल्या एक्स्प्रमध्यें वाटेल तितक्या लांबीच्या संख्यांचें गणित करण्याची सोय आली, आणि ही मर्यादा तेथें उरली नाहीं.

आतां अक्षरांच्या राशीकडे वळूं. १९५० नंतरच्या दशकांत स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञानें अक्षरांच्या माळांचे नमुने वर्णन करण्याची एक बीजगणितासारखी रीत बसविली. १९६८ सालीं केन थॉम्सन यांनीं मजकुरांतून असे नमुने यंत्राकडून शोधवून घेण्याची एक युक्ति प्रसिद्ध केली. आणि तेव्हांपासून हे नमुने युनिक्सच्या हाडींमासीं खिळले. एक्स्प्रनें ही विद्या अपूर्णविरामाच्या चिन्हांत (:) सांठविली. डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस नमुना. नमुना शब्दाच्या आरंभापासून जुळला पाहिजे. जुळलीं तितक्या अक्षरांची संख्या हें उत्तर. परंतु नमुन्यांत कंस घातले असतील तर कंसांत सांपडलेला मजकूर हेंच उत्तर.

माहितीपुस्तकांतील दुसरें उदाहरण याच रीतीचें होतें. समजा, क मध्यें ‘/घर/वही/जमाखर्च’ असा फाईलीचा सबंध पत्ता आहे, आणि त्यांतून शेवटचें नांव तेवढें हवें आहे. आज्ञा अशी :

एक्स्प्र $क : '.*/\(.*\)' '|' $क

नमुन्यांतील टिंब म्हणजे कोणतेंही एक अक्षर. त्यापुढील तारका म्हणजे तें कितीही वेळां. येथें तारका गुणाकाराची राहिली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पहिला भाग शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंत सर्व गिळतो, आणि कंसांत ‘जमाखर्च’ उरतो. पत्त्यांत तिरपी रेघच नसेल तर नमुना जुळत नाहीं, किंमत रिकामी येते. तेव्हां उभ्या रेघेच्या पलीकडची दुसरी बाजू, म्हणजे मूळ क, उत्तर म्हणून मिळतो. एका ओळींत काम व त्याचा अपवाद दोन्हीं सांगून झालीं. ज्या हिशेबनिसास बेरजेकरितां ठेवला त्यानेंच पत्त्यावरील नांवें वाचून दाखवावीं, असा हा प्रकार होता.

परंतु या दुहेरी नोकरींतच धोक्याचें मूळ होतें. दोन किंमतींची तुलना करावयाची झाली तर एक्स्प्र आधीं पाहतो कीं दोन्हीं संख्या आहेत काय. असतील तर संख्यांप्रमाणें, नसतील तर शब्दकोशाप्रमाणें तुलना होते. म्हणून १० हे ९ हून मोठे. परंतु ‘१०क’ हा शब्द ‘९क’ च्या आधीं येतो, कारण १ हें अक्षर ९ च्या अगोदरचें. वहींतल्या आंकड्यामागें एखादें अक्षर चुकून चिकटलें कीं न्याय उलटा होतो, आणि कोणी ओरडतही नाहीं.

याहून गहन प्रसंग बरोबरीच्या चिन्हाचा. क मधील किंमत ‘=’ या चिन्हाबरोबर आहे कीं नाहीं हें विचारावयाचें आहे, आणि योगायोगानें क मध्यें तेंच चिन्ह आहे. शेलनें क च्या जागीं त्याची किंमत घातली म्हणजे एक्स्प्रच्या पुढें मजकूर येतो तो असा : = = =. यांतील क्रियाचिन्ह कोणतें आणि ज्यावर क्रिया करावयाची तें कोणतें? तिन्हींची आकृति एकच. शेलनें अवतरणें काढून टाकलेलीं. त्यामुळें भेदाची खूण उरलेली नाहीं. यावर जाणत्यांनीं उपाय काढला तो असा कीं, दोन्हीं बाजूंस एक निरुपद्रवी अक्षर, बहुधा एक्स, आधीं जोडावें. ‘क्ष=’ हें कांहीं क्रियाचिन्ह नव्हे; तो साधा शब्द, आणि मधलें ‘=’ तेवढें चिन्ह. बीजगणितांत अज्ञात संख्येसाठीं वापरतात तें अक्षर येथें ज्ञात वस्तूच्या कपाळीं लावलेल्या गंधासारखें उपयोगी पडलें.

तिसरा प्रसंग शून्याचा. युनिक्समधील प्रत्येक प्रोग्राम काम संपवितांना उत्तराखेरीज एक निराळा अंक मागें ठेवून जातो. शून्य म्हणजे काम सिद्धीस गेलें. दुसरा कोणताही अंक म्हणजे कांहीं तरी उणें राहिलें. यशाची तऱ्हा एकच, अपयशाच्या मात्र अनेक, म्हणून ही योजना. एक्स्प्रनें तींत आपला एक नियम घातला : किंमत शून्य किंवा रिकामी निघाली तर मागें १ ठेवावयाचा, इतर किंमत निघाली तर ०. राशि अशुद्ध असेल तर २. तुलना खरी ठरली तर तो १ छापतो आणि मागें ० ठेवतो. खोटी ठरली तर याच्या उलट. अटी तपासण्यास हें सोईचें झालें. पण ‘कोणतेंही काम फसल्यास तेथेंच थांब’ अशी ताकीद दिलेली एखादी स्क्रिप्ट घ्या, आणि तींत पांचापासून एकेक उणें करीत मोजणी चालली आहे असें समजा. चार, तीन, दोन, एक, येथपर्यंत सर्व ठीक चालतें. एकांतून एक वजा केल्यावर उत्तर शून्य येतें; उत्तर अगदीं बरोबर असतें; परंतु मागें ठेवलेला अंक १ असल्यामुळें शेल तें अपयश समजून सबंध काम तेथेंच बंद करतो. पुढील आज्ञा तशाच राहतात. चूक शोधणारा गणित तपासतो तर गणितांत दोष नसतो. ‘कांहीं नाहीं’ आणि ‘शून्य’ या दोन गोष्टी एका माळेंत ओंवल्याचा हा परिणाम होय.

दोष याहूनही एक होता, आणि तोच एक्स्प्रच्या उतरत्या काळास मुख्यतः कारण झाला. एक्स्प्र हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम. त्यास बोलवावयाचें म्हणजे कार्यप्रणालीनें एक नवी प्रोसेस निर्माण करावयाची, तींत एक्स्प्र आणून बसवावयाचा, त्यानें बेरीज करावयाची, उत्तर छापावयाचें आणि नाहींसें व्हावयाचें. हजारपर्यंत मोजावयाचें तर असे हजार जन्म व हजार मृत्यु. एका बेरजेसाठीं प्रत्येक वेळीं तालुक्याहून कारकून आणावा तसें हें होत असे. बर्क्ले येथें बिल जॉय यांनीं रचलेल्या सी-शेलमध्यें १९७० च्या दशकाच्या अखेरीसच गणित घरचें झालें होतें. १९८३ सालीं बेल प्रयोगशाळेंतील डेव्हिड कॉर्न यांनीं आपला शेल लोकांपुढें मांडला. बोर्नच्या शेलची भाषा राखून त्यांनीं तिच्यांत गणित घातलें. १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं ग्नू संघटनेकरितां ‘बॅश’ हा शेल प्रसिद्ध केला. शेवटीं १९९२ च्या पॉसिक्स या प्रमाणग्रंथानें, डॉलरच्या चिन्हापुढें दुहेरी कंसांत राशि लिहिली कीं शेलनें स्वतःच तिची किंमत काढावी, असा नियम सर्वांसाठीं घालून दिला. राजपुत्र पाढे शिकला. त्याच प्रमाणग्रंथानें एक्स्प्रचें स्थान कायम ठेवलें. परंतु नवीन लिहिणाऱ्यांनीं शक्य तेथें शेलचींच साधनें वापरावीं, असा सल्लाही दिला.

तरीही हिशेबनीस घरीं बसला नाहीं. १९९१ सालीं डेव्हिड मॅकेन्झी यांनीं ‘ऑटोकॉन्फ’ हें साधन सुरू केलें. एखादा प्रोग्राम नव्या यंत्रावर बसविण्यापूर्वीं त्या यंत्राची परीक्षा घेणारी लांबलचक स्क्रिप्ट तें तयार करतें. ती स्क्रिप्ट जुन्यांतल्या जुन्या शेलवरही चालली पाहिजे. मग नव्या शेलला येणाऱ्या विद्येवर विसंबून कसें चालेल? म्हणून अशा स्क्रिप्टांत नांवें तोडण्याचें काम एक्स्प्रकडे राहिलें, आणि तेथें तो शब्दाच्या आधीं लावलेला एक्सही जागोजागीं आढळतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें या हकीकतीस एक निराळें पान जोडतां येतें. एक्स्प्रला शब्दाची लांबी विचारावयाची जुनी रीत म्हणजे त्या शब्दापुढें अपूर्णविराम व ‘.*’ हा नमुना लिहिणें. आतां ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? शाळेंतला मुलगा म, रा, ठी अशीं तीन अक्षरें मोजील. युनिकोडच्या हिशेबीं म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशीं पांच चिन्हें होतात. आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतें. तेव्हां केवळ बाइट मोजणारा प्रोग्राम पंधरा सांगेल. तीन, पांच, पंधरा : तिन्हीं उत्तरें आपापल्या जागीं खरीं, आणि हुजुरांस कोणतें हवें हें न विचारतां सांगितलें तर तिन्हीं फसवीं. ही यूटीएफ-८ पद्धति १९९२ सालीं केन थॉम्सन यांनींच रॉब पाइक यांच्यासह योजिली. ज्यांच्या यंत्रावर स्मरणाचा एकेक बाइट जपून वापरावा लागे, त्यांनींच पुढें जगांतील सर्व लिप्यांना त्या बाइटांच्या ओळींत जागा करून दिली.

एक्स्प्रनें स्वतः कोणतेंही मोठें गणित केलें नाहीं. एकांत एक मिळविला, पत्त्यांतून नांव काढलें, लहान-मोठें सांगितलें, इतकेंच. परंतु त्याच्यापाशीं बसून पिढ्यान् पिढ्यांच्या लिहिणाऱ्यांना तीन गोष्टी शिकाव्या लागल्या : दोन शब्दांमधील मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, चिन्ह व वस्तु दिसण्यांत एक असलीं तरी एक नसतात, आणि शून्य हें उत्तर आहे, अपयश नव्हे. आज पुष्कळ शेल आपली बेरीज आपणच करतात. पण ज्यानें हा हिशेबनीस एकदां जवळून पाहिला आहे, तो कोणत्याही यंत्राच्या हातीं एखादा आंकडा देण्यापूर्वीं क्षणभर थांबतो आणि विचारतो कीं, यंत्र यास आंकडा समजणार आहे, कीं अक्षर? त्या एका क्षणाच्या थांबण्यानें पुढचे पुष्कळ हिशेब वांचतात.